एन म्हणजे नग, पी म्हणजे पान

बँडमास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि आत्याने शिवलेला नवाकोरा कोट पाठीवर टर्रकन उसवला.

शिवणघरात त्या वेळी चौघं होती. कोटात अडकलेले बँडमास्तर, ओठांत टाचण्या धरलेली आत्या, खिडकीशी बसून काजं करणारी काजवाली काकू, आणि नुकतीच शाळेतून आलेली, दप्तरसुद्धा न उतरवलेली भिंगरी. काकूची सुई काजात शिरली होती ती तिथेच थांबली. मास्तरांनी हात तसेच वर ठेवले होते, कारण खाली घेतले तर आणखी कुठून काय सुटेल याची त्यांना खात्री नव्हती.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "आईशपथ सांगतो, महिनाभर मी संध्याकाळचं जेवण सोडलंय."

"तुम्ही हलू नका," टाचण्यांच्या फटीतून आत्या म्हणाली.

"हलत नाहीये. श्वासही अर्धाच घेतोय."

आत्याने टाचण्या काढून उशीला टोचल्या, गळ्यातली टेप ओढली आणि मास्तरांच्या छातीभोवती गुंडाळली. बेचाळीस. वही उघडून पाहिली. वहीतही बेचाळीस. मग कोट उतरवून टेबलावर पसरला आणि त्याची छाती मोजली. बेचाळीसच्या माणसाला श्वास घ्यायला, हात हलवायला म्हणून कोट सेहेचाळीसचा हवा. तो भरला साडेचव्वेचाळीस.

"दीड इंच," आत्या म्हणाली. "दीड इंच गेला कुठे?"

काकू म्हणाली, "कापड आटलं असेल गं ताई."

"धुतल्याशिवाय?"

यावर काकूने पुन्हा काजात डोकं घातलं.

मास्तर भले गृहस्थ होते, पण त्यांच्या डोक्यावर तीन आठवड्यांनी होणारी मैफल होती. बँडला पन्नास वर्षं झाली म्हणून बावीसच्या बावीस वादक नव्या कोटात दिसायचे होते, आणि आत्याने आधी मास्तरांचा कोट नमुना म्हणून करून दाखवायचा, तो बसला की बाकीचे एकवीस, असं ठरलं होतं. "शनिवारी सकाळी परत येतो, ताई," दारात चपला शोधत ते म्हणाले. "तेव्हा बसला तर बावीसही तुमचेच. नाहीतर मग मी दुकानातून तयार कोट आणतो. त्यांना मापच नसतं, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही."

ते हसत म्हणाले, पण आत्या हसली नाही. आणि आत्या हसली नाही म्हणजे कुठेतरी मोठी माशी शिंकली होती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून आत्याने ते पाडलं, आणि आता शाळेत हजेरी घेताना बाईंच्या तोंडूनही चुकून तेच निघायचं. आई-बाबा कामावरून परतेपर्यंत ती रोज आत्याकडे असायची. शिवणघराला लागून एक चिंचोळी खोली होती. तिथे अस्तराचे तागे, तुटक्या हँगरांचं गाठोडं आणि भिंगरीचं राज्य होतं. राज्य म्हणजे शाळेच्या लॅबमधून निवृत्त झालेला एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. कॉम्प्युटर लॅबच्या बाईंनी दिला होता. "चालवून दाखव, तुझा," असं म्हणाल्या होत्या, आणि भिंगरीने तो आठ दिवसांत चालवून दाखवला होता. तेव्हापासून तिच्या पायांना जमीन म्हणून लागत नव्हती.

आता खरी गोष्ट अशी, की आत्या तीस वर्षं खाकी कागदावर हाताने खाके काढत आली होती. पाठ, पुढा, बाही, कॉलर, सगळं गुडघे टेकून, जमिनीवर. बावीस मापांचे बावीस खाके म्हणजे गुडघ्यांचा भुगाच. म्हणून भिंगरी हात धुऊन तिच्या मागे लागली होती: "आत्या, एकदा कॉम्प्युटरवर काढू. मग छातीचा आकडा बदलला की बाकीचं आपोआप बदलतं. मग छापायचं, पानाला पान चिकटवायचं, की झाला खाका!" आत्या आधी नको नको म्हणाली, मग बघू म्हणाली, आणि शेवटी भिंगरीच्या शेजारी बसून तिने एकेक रेष, एकेक वळण तिच्याकडून काढून घेतलं. "बगलेतला मुंढा आणखी खोल. खोल गं! माणूस आहे तो, बरणी नव्हे." मास्तरांच्या कोटाची, नेहमीच्या दुप्पट आकाराच्या कागदाची, छत्तीस पानं झाली. भिंगरीने ती छापली, चिकटवली, आणि रेषेला रेष अशी जुळली की आत्याने तिची पाठ थोपटली होती.

आणि त्याच खाक्यावरून कापलेला कोट आज उसवला होता.

पण आत्याच्या मनात कागदाचा संशय आलाच नाही. येणार कसा? ज्या म्हाताऱ्या मास्तरणीकडे ती शिवण शिकली, तिचा एक नियम होता: माप माणसाचं घ्यायचं, कागदाचं नाही. स्वतः काढलेल्या खाक्याला परत टेप लावणं म्हणजे स्वतःच्याच शब्दावर अविश्वास दाखवणं. आत्याने तो नियम तीस वर्षं पाळला होता आणि तीस वर्षं तिचा एक कोट चुकला नव्हता. मग आता चुकला तर त्याचा अर्थ एकच.

"कात्री रेषेच्या आत गेली असणार," त्या संध्याकाळी ती काकूला म्हणाली. भिंगरी आतल्या खोलीत होती, पण मधलं दार नावालाच होतं. "मला कळलंही नाही. डोळे गेले म्हण, हात गेला म्हण."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच नाही. दीड इंच म्हणजे काय थोडं झालं? शिकाऊ पोरगीसुद्धा एवढं खात नाही. मास्तरांना उद्या नाही म्हणून कळवून टाकते. लोकांचा समारंभ आहे, तिथे माझे प्रयोग नकोत. यापुढे आपलं साधं काम. पँट आखूड कर, चेन बदल, बटण लाव."

"आणि कोट?"

"कोट पुरे झाले."

भिंगरी दाराशी आली. आत्या कोट शिवणार नाही? हे म्हणजे माशाने पोहणं पुरे झालं म्हणण्यासारखं होतं. आत्या माणसाकडे बघायचीच मुळी खांद्यांपासून. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर आधी "डावा खांदा उतरलाय हो तुमचा, तब्येत बरी आहे ना?" आणि मग नमस्कार. भिंगरी बाहेर येऊन म्हणाली, "आत्या, शनिवारपर्यंत तरी थांब. कळवू नकोस." आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि का कोण जाणे, हो म्हणाली. बहुधा तिच्यात वाद घालायचं त्राण नसावं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळा सुटल्यावर भिंगरी धावतच आली. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी करायचं हे नक्की होतं. आत्या गिऱ्हाइकाकडे शिवलेले कपडे द्यायला गेली होती. कापायच्या टेबलावर खाक्याची पाठ पडली होती, कडा वळलेल्या. भिंगरीने कडा दाबायला म्हणून आत्याची जाड टेप तिच्यावर आडवी टाकली.

या खाक्याच्या खालच्या कडेला भिंगरीने हौसेने एक फूटपट्टी काढली होती. गरज काहीच नव्हती. पण नकाशावर असते तशी पट्टी खाक्यावर असली की कसं भारदस्त दिसतं, म्हणून शून्यापासून तीस सेंटिमीटरपर्यंत बारीक रेघा, आकडे, सगळं साग्रसंगीत काढलं होतं. टेप पडली ती नेमकी त्या पट्टीच्या शेजारी. शून्याशी शून्य. भिंगरीची नजर सहज दुसऱ्या टोकाला गेली.

कागदावरचा तीस होता तिथे टेपवर एकोणतीस होता.

तिने टेप सरळ केली. एकोणतीस, आणि एक रेघ वर. कागद ताणला. एकोणतीस आणि एक रेघ. तिने दप्तरातून स्वतःची पट्टी काढून लावली, कारण टेप म्हातारी झाली असेल अशी एक वेडी आशा होती. पट्टीनेही तेच सांगितलं.

तिसात जवळजवळ एक कमी. म्हणजे शंभरात तीन. सेहेचाळिसात... तिने बोटांवर, मग वहीच्या मागे आकडेमोड केली. दीड इंचाला थोडा कमी.

"अगं आई गं," भिंगरी म्हणाली.

कात्री रेषेवरूनच गेली होती. रेषच आत सरकली होती! जुना प्रिंटर मागच्या महिन्यात मेला, त्याच्या जागी बंद पडलेल्या एका ऑफिसातला हा आला, आणि यानेच प्रत्येक पान थोडंसं, अगदी चिमूटभर, आक्रसून छापलं होतं. आणि छत्तीसही पानं सारखीच आक्रसली, म्हणून रेषेला रेष जुळली, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. एकच पान बिघडलं असतं तर लगेच दिसलं असतं. सगळीच एकसाथ बिघडली तर त्याला शिस्त म्हणतात.

आणि ही शिस्तीची छपाई कुणी केली होती? भिंगरीने. पाठ कुणाची थोपटली गेली होती? भिंगरीची. आणि दोष स्वतःला कोण देत होतं? आत्या. तिला क्षणभर वाटलं की अस्तराच्या ताग्यांमागे जाऊन बसावं ते थेट दहावी होईपर्यंत. पण मग ती ताडकन कॉम्प्युटरपाशी गेली. आधी दुरुस्त करायचं, मग सांगायचं. नुसतं सांगितलं तर ती माफी झाली. दुरुस्त करून सांगितलं तर कोट होईल.

छपाईच्या खिडकीत एक चौकोन होता, 'पानात बसवा' असा. त्यात बरोबरची खूण. तिने खूण काढली, छापायला दिलं, आणि पान मोजलं. एकोणतीस. खिडकी पुन्हा उघडून पाहते तर खूण जागच्या जागी! तिने परत काढली. ती परत उगवली. तिसऱ्या वेळी खिडकीच गोठली. तिच्यावर दहा वेळा टिचक्या मारूनही ती ढिम्म हलेना.

"बसवू नकोस रे बाबा पानात," भिंगरी प्रिंटरला म्हणाली. "बसलेलंच आहे ते. मी कडेला बोटभर जागा सोडलीय, तुझ्यासाठीच सोडलीय!"

प्रिंटरला बोलून उपयोग नव्हता. म्हणजे, असं बोलून उपयोग नव्हता. लॅबमधल्या बाई नेहमी म्हणायच्या, की खिडक्या आणि बटणं ही पाहुण्यांसाठी असतात. घरच्या माणसाने स्वयंपाकघराच्या दारानं यावं. ते दार म्हणजे काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी काठी. तिथे बटण नाही, चित्र नाही. शब्दात हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांना त्याची भीती वाटायची. भिंगरीलाही दिवाळखोर माणसाच्या तिजोरीसारखा तो पडदा आधी रिकामा वाटला होता. मग कळलं की त्यात सगळं आहे, फक्त मागावं लागतं.

आधी तिने विचारलं, प्रिंटर आहे का? उत्तर आलं: 'फ्लोअर टू लेफ्ट' नावाचा एक आहे आणि तो रिकामा बसला आहे. भिंगरी फिस्सकन हसली. बिचारा जुन्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर डावीकडे असणार, आणि अजूनही त्याला आपण तिथेच आहोत असं वाटत होतं.

मग तिने छापायचा हुकूम आठवला. एलपी. त्याच्यापुढे आडवी रेघ देऊन एकेक अक्षर, आणि प्रत्येक अक्षराची एक सूचना. फूटपट्टी बाराव्या पानावर होती, तेवढं एकच पान हवं होतं. तिने लिहिलं, एन, बारा, फाइलचं नाव, आणि मोठ्या ऐटीत एंटर मारलं.

प्रिंटर खाकरला. एक पान आलं. पहिलं. मग दुसरं. तिसरं.

"अरे, बारावं म्हटलं मी."

चौथं, पाचवं, सहावं. तो काही थांबायचं नाव घेईना. बारावं आलं, भिंगरीने ते झडप घालून उचललं, पण मागोमाग तेरावं आलं, चौदावं आलं. छत्तीस झाली तेव्हा तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात प्रिंटरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एन म्हणजे पानाचा नंबर नव्हता. एन म्हणजे किती प्रती! तिने मास्तरांचा अख्खा कोट बारा वेळा मागितला होता.

"काकूऽऽ!"

काकू धावत आली. "अगं हे काय? पाऊस पडतोय की काय कागदांचा?"

"धरा, खाली पडू देऊ नका!"

"धरते, पण हा थांबणार कधी?"

"चारशे बत्तीस झाल्यावर!"

"मग मी जेवून येऊ का?"

काकू पदराची झोळी करून कागद झेलत होती, भिंगरी एका हाताने झेलत दुसऱ्या हाताने थांबवायचा हुकूम लिहीत होती, घाईत चुकत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी कॅन्सल लागू पडलं आणि प्रिंटर अर्धं पान जिभेसारखं बाहेर काढून गप्प झाला.

"किती चिवट आहे मेला," काकू म्हणाली, आणि दोघी जमिनीवर कागदांत बसून पोट धरून हसल्या.

हसून झाल्यावर भिंगरीने बारावं पान मोजलं. एकोणतीसच. पण आता ती घाबरली नाही. निदान हा तिचं ऐकत तरी होता. ती जे बोलली ते त्याने तंतोतंत केलं होतं. खिडकीसारखा हो म्हणून आपलंच घोडं पुढे दामटत नव्हता. चूक बोलली ती, तर बरोबरही तिलाच बोलता येईल. तिने वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: एन म्हणजे नग. पी म्हणजे पान. डी म्हणजे दिशा, कुठल्या प्रिंटरकडे जायचं ती. आणि ओ म्हणजे ओरडून सांगायच्या गोष्टी.

आता प्रश्न होता की ओरडून नेमकं काय सांगायचं. बाई म्हणायच्या, आठवत नसेल तर त्यालाच विचारा, त्याच्या पोटात त्याची पोथी असते. तिने पोथी उघडली. ती इंग्रजीत, लांबलचक, आणि एकाही चित्राची दया न दाखवणारी होती. भिंगरी बोट लावून एकेक ओळ वाचत खाली सरकत गेली. दोन्ही बाजूंना छाप, आडवं छाप, चार पानं एकात छाप... आणि मग ती ओळ आली. आकार बदलू नकोस. आहे तसं.

तिने श्वास रोखून लिहिलं:

lp -d floor2-left -P 12 -o print-scaling=none kot.pdf

लिहून तीनदा वाचलं. पी आहे ना? पीच आहे. एंटर.

एकच पान आलं. काकूने झोळी तयार ठेवली होती, पण एकच आलं. भिंगरीने पट्टी लावली. शून्याशी शून्य. तिसाशी तीस.

तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून नेमकी तेव्हाच दारातून आत येणारी आत्या बाहेरच थबकली. "काय झालं? कुणाला लागलं?"

"आत्या! हात तुझा नाही गेला! कागद गेला! म्हणजे प्रिंटर... म्हणजे मी!"

"हळू बोल. आणि या कागदांवरून बाजूला हो आधी."

भिंगरीने तिला टेबलापाशी ओढत नेलं. जुना खाका ठेवला, नवं पान ठेवलं, आणि टेप आत्याच्या हातात दिली. "मोज."

"कागद मोजत नाहीत."

"आत्या, आज मोज. माझ्यासाठी."

आत्याने एकदा टेपकडे पाहिलं, एकदा भिंगरीकडे. मग वाकून तिने जुन्या खाक्याला टेप लावली, तीस वर्षांत पहिल्यांदाच. एकोणतीस. नव्या पानाला लावली. तीस. परत जुन्याला. परत नव्याला. भिंगरीचा धीर आता गळायला लागला.

"मीच छापलं होतं ते," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी तपासलं नाही. रेषा जुळल्या म्हणून मला वाटलं सगळं जुळलं. तू दोन दिवस स्वतःला बोलत होतीस, आणि तुझी काही चूकच नव्हती."

आत्या स्टुलावर बसली. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मी रेषेवरूनच कापलं होतं?"

"बरोब्बर रेषेवरून. केसभरही आत नाही."

"आणि डोळे?"

"डोळे तुझे घारीचे आहेत, आत्या."

आत्याने मान खाली घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. भिंगरीला वाटलं रडतेय, म्हणून ती पुढे झाली, तर आत्या हसत होती. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की काकूही हसायला लागली. "अगं, मी काल रात्री नव्या चष्म्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली!" ती डोळे पुसत म्हणाली. "आणि त्या बिचाऱ्या मास्तरांनी जेवण सोडलंय! गधडे, एका प्रिंटरपायी तू सगळा गाव वाळवणार होतीस!"

"रागावली नाहीस?"

"रागावलेय. खूप रागावलेय. शनिवारनंतर सवडीने रागावेन, आत्ता वेळ नाही." आणि उठून, पदर खोचून ती म्हणाली, "दाखव मला, काय म्हणालीस तू त्याला?"

भिंगरीने खुर्ची दिली. आत्या काळ्या पडद्यासमोर बसली, सुईत दोरा ओवताना बसते तशी, मान किंचित तिरकी करून. भिंगरीने एकेक अक्षराचा अर्थ सांगितला. आत्याने ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"म्हणजे गिऱ्हाईक जसं सांगतं तसंच. किती नग, कुठला भाग, आणि वर काय काय नखरे. हा शिंपीच आहे की गं. फक्त स्वतःचं डोकं न चालवणारा."

"म्हणूनच सगळं नीट सांगावं लागतं."

"गिऱ्हाइकांनी एवढं नीट सांगितलं असतं तर माझे केस काळे राहिले असते." आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, आत्याने हुकूम लिहिला. या वेळी पानाचा आकडा नको होता, सगळी छत्तीस हवी होती, म्हणून पी गाळायचा हे तिचं तिलाच सुचलं. भिंगरीने तोंडावर हात दाबून धरला होता, मध्ये बोलायचं नाही म्हणून. आत्याने एंटर दाबलं, आणि प्रिंटर खाकरला.

पानं येत गेली तशी भिंगरी चिकटवत गेली, काकू कडा कापत गेली. संध्याकाळ व्हायच्या आत नवा खाका टेबलावर पसरला होता. आत्याने उरलेल्या कापडातून नवी पाठ, नवे पुढे कापले. शुक्रवारी दिवसभर दोन्ही मशीनं धडधडत होती. बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांनी लावल्या होत्या. आत्या म्हणाली, बसायला तेवढं पुरे.

शनिवारी सकाळी बँडमास्तर आले ते काखेत एक जाडजूड पुस्तक घेऊनच. तयार कोटांचं होतं. भिंगरीला शाळेला सुट्टी होती. ती दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती आणि तिला पायाची बोटंसुद्धा स्थिर ठेवता येत नव्हती. आत्याने कोट पुढे धरला. मास्तरांनी आधी एक हात घातला, मग दुसरा, आणि अंग चोरून उभे राहिले.

"पोट सोडा," आत्या म्हणाली.

"सोडू?"

"सोडा हो. तुमच्या पोटासकट मापलंय."

मास्तरांनी पोट सोडलं. कोट जागचा हलला नाही. त्यांनी खांदे फिरवले. पाठीवर एक सुरकुती आली आणि गेली. मग त्यांनी आरशाकडे पाहिलं, आरशातल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही तो गृहस्थ आवडल्याचं स्पष्ट दिसलं. ते न बोलता एक पाऊल मागे गेले, डोळे मिटले, आणि शिवणघराच्या मधोमध उभं राहून नसलेल्या बँडला अख्खी एक धून वाजवायला लावली. हात वर, हात खाली, डावीकडच्या तुताऱ्यांना इशारा, उजवीकडच्या ढोलाला दटावणी, शेवटी दोन्ही हात छताकडे. कोट त्यांच्याबरोबर उचलला गेला आणि त्यांच्याबरोबर खाली आला.

काकूने टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वाकून त्यांचा स्वीकारही केला.

"ताई, हा झोपताना घालून झोपलो तर चालेल का?"

"बाह्या कच्च्या आहेत. सुटतील."

"मग परवापासून झोपेन. बाकीचे एकवीस कधी पाठवू मापाला?"

"आत्ता पाठवा," आत्या म्हणाली. "आणि मास्तर, आज जेवा पोटभर. चूक माझ्याकडच्या कागदाची होती, तुमची नव्हे."

मास्तर शीळ घालत गेले. पुस्तक विसरूनच गेले. तासाभरात बँडची मंडळी यायला लागली: आधी तुतारीवाला, बांबूसारखा, मग ढोलवाला, ज्याच्याभोवती टेप पुरेना म्हणून दोन जोडाव्या लागल्या, मग दोघी बासरीवाल्या बहिणी, एकमेकींची मापं ऐकू येऊ नयेत म्हणून कानात बोटं घालून. आत्या मोजत होती, मोठ्याने आकडे सांगत होती आणि मध्येच "सरळ उभे राहा, लाजताय काय" म्हणून खांद्यावर थाप मारत होती. काकू वहीत लिहीत होती. भिंगरी ते आकडे खाक्यात भरत होती.

"झालं भरून, छापू?" तिने आतून विचारलं.

"थांब, हात लावू नकोस," आत्या टेप गळ्यात टाकत आत आली. "मी छापते."

"आत्या, मला येतं."

"तुला येतं ते मला माहीत आहे. सरक."

भिंगरी सरकली. आत्याने पदराने चष्मा पुसला, एक बोट उचललं आणि लिहायला लागली. तिचं एक अक्षर होईपर्यंत भिंगरीची तीन झाली असती, पण ती गुपचूप उभी राहिली. पहिलं पान बाहेर आलं तसं आत्याने ते उचललं, टेप लावली, तिसाशी तीस पाहिलं, आणि काहीही न बोलता पान भिंगरीच्या हातात दिलं.

मग ती बाहेर टेबलापाशी गेली, ढोलवाल्याच्या कोटाचं कापड एका झटक्यात पसरलं, आणि म्हणाली, "चिकटवून आण लवकर. कात्री वाट बघतेय."